दगडाचं कोड

दगडाला कोड येतं असं आमच्या भागात म्हणतात. मी जन्मभर दगड फोडले आणि घडवले, म्हणून सांगतो, दगडाला कोड येत नाही. त्याच्या अंगावर खपली धरते. पांढरी-करडी, गोल गोल, काठाला काळी रेघ असलेली. कुठं कुठं हळदीसारखी पिवळी. मसाल्यात घालतात ते दगडफूल वेगळं. ते पापुद्र्यासारखं सुटं असतं, ओढलं की हातात येतं. ही खपली नखानं निघत नाही, घासून निघत नाही. तिला टाकीच लागते. टाकी म्हणजे आमची छिन्नी. आणि टाकी मारली की खाली दगड आहे तसा सापडतो, काळा आणि खणखणीत. खपलीनं त्याचं काही खाल्लेलं नसतं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण ह्या एका शब्दापायी माझी बायको पस्तीस वर्षं वेगळी बसली. गेल्या उन्हाळ्यात ती गेली. तिच्या ओटीवरनं गावात अजून बोलणं चाललंय. माझं शिक्षण मराठी तिसरी. अक्षर वाकडं आहे. पण दुसऱ्यानं तिच्याविषयी वाकडं बोलण्यापेक्षा माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं बरं.

आमचं गाव निपाणीपासनं दीड कोसावर, चिकोडीच्या अंगाला. गावाच्या वर माळ आणि माळावर आमची खाण. पाटे, उखळं, जोत्याचे दगड, सगळं करायचो, पण मुख्य काम जात्यांचं. जातं दळून दळून गुळगुळीत झालं की दाणा नुसता घसरतो. मग दोन्ही दगडांना परत टाकी लावून बारीक खाचा पाडाव्या लागतात. आसपासच्या चार गावांत हे काम करणारा मी एकटा होतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आमचं लग्न झालं त्या साली प्लेग होता. गाव मोकळं करून सगळे माळावर झोपड्या घालून राहिले होते. त्यामुळं नव्या नवरीला माप ओलांडायला घराचा उंबरा मिळालाच नाही. खाणीच्या कडेला झोपडीपुढं एक दगड ठेवून त्यावर माप ठेवलं आणि तिनं ते पायानं लवंडलं. झोपडीच्या मागं एक बसका धोंडा होता, बैलाएवढा, निम्मा जमिनीत. वरनं सगळा पांढऱ्या ठिपक्यांचा. ती त्याच्यावर बसून जोंधळं निवडायची. लग्नाला चार-पाच दिवस झाले असतील. माझ्याशी पहिलं धड बोलली ती ह्या धोंड्याविषयी.

"ह्यो तेवढा का ठेवलाय? समदी खाण फोडलीसा की."

"त्याला कोड आलंय. असल्या दगडाचं जातं कोण घेत न्हाय. पिठाला डाग लागतोय म्हणत्यात."

"लागतोय व्हय?"

"न्हाय. टाकी मारली की ते निघून जातंय."

"मग तुमी लोकास्नी सांगत का न्हाय?"

लोक म्हणत होते म्हणून मीही म्हणत होतो. माझ्या बापानं तो धोंडा सोडला, म्हणून मीही सोडला. तिनं पदरातले खडे धोंड्याखाली टाकले आणि विचारलं, "हे वाढतंय का जाग्यावरच ऱ्हातंय?"

ते मला माहीत नव्हतं. मग मी बारकी टाकी घेतली आणि एका ठिपक्याभोवती, अगदी त्याच्या काठाला लागून, बारीक रिंगण कोरलं. म्हटलं, "आता बघू. ह्याच्या भाईर आलं तर वाढतंय." त्या वयात असले चाळे सुचतात. रुपयाएवढा ठिपका होता. पुढं प्लेग सरला, आम्ही गावात आलो, तरी माळावर गेली की ती आधी रिंगण बघून यायची आणि सांगायची, "तुमचा कैदी जाग्यावर हाय."

तिसऱ्या का चौथ्या वर्षी तिच्या डाव्या मनगटावर, बांगड्यांच्या वर, पांढरा ठिपका आला. आम्हाला वाटलं चुलीचा चटका असेल. मग कानामागं आला, मग ओठाच्या कोपऱ्यात. माझी थोरली बहीण गावातच दिलेली, आमच्याच गल्लीत. आक्कानं एक दिवस तिचा हात धरून उजेडात नेला आणि लगेच सोडून दिला. सोडला तो असा, की जणू तापलेला तवा धरला होता.

"हे कोड हाय रं," आक्का मला म्हणाली, तिच्यासमोरच.

तेवढं पुरलं. कोणी शिवी दिली नाही, कोणी वाळीत टाकलं नाही. नुसतं हळदीकुंकवाचं ताट तिच्यापाशी आलं की वळायचं. संक्रांतीला बाया वाण द्यायला निघाल्या की आमच्या दारावरनं पुढं जायच्या. लग्नात नवरीला हळद लावायला सवाष्णींना बोलवायचे तेव्हा तिला म्हणायचे, "तू तवर भाकऱ्या बघ जा." मग भाकऱ्याही बघू देईनात. मूल आम्हाला झालं नाही, म्हणून आक्काचा दुसरा घोशा सुरू झाला.

"दुसरी कर. अजून वय हाय तुजं."

"आक्का, मी दगूड बी फोडून बघितल्याबिगर टाकत न्हाय."

"बायकू काय दगूड हाय व्हय?"

"ते तूच सांग. तूच तिला दगडाचा रोग लावलास."

असं तोंडानं बोललो खरा. पण मनात भ्यालो होतो, हे कबूल करतो. निपाणीच्या बाजारात एक औषधवाला बसायचा. मुळ्या आणि तेलं विकायचा. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "दगडाचं कोड खरवडून आण, बिब्ब्याच्या तेलात खल आणि लाव. कोड कोडाला खातंय." मला ते पटलं. दगडाचा माणूस मी. ते कोड नव्हे, नुसती खपली आहे, हे मला ठाऊक होतं. तरी पटलं. नाव एक, म्हणून वस्तूही एक, असं धरून चाललो. माझ्या जन्मातली सगळ्यात मोठी चूक ही.

त्याच धोंड्याची खपली मी खरवडली. रिंगणातली ठेवली, शेजारची हातभर जागा साफ केली. बिब्ब्याच्या तेलात खलून तिच्या मनगटाला लावली. ती म्हणाली, "झोंबतंय." मी म्हटलं, "झोंबू दे, गुण येतोय." तीन दिवस लावलं. चौथ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला आणि पाण्यानं भरलेले फोड आले. कातडं सुटलं. दीड महिना तिला पीठ मळता आलं नाही. जखम भरली, तेव्हा आधी चिंचोक्याएवढा होता तो डाग तळहाताएवढा झाला होता.

ती मला रागावली नाही. रागावली असती तर सोपं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "दगडाला दुखत न्हाय, मला दुखतंय. आता फुरं. ह्याम्होरं लावायचं बी न्हाय आन् झाकायचं बी न्हाय."

तोवर ती हातावर पदर ओढून चालायची. त्या दिवसापासनं पदर डोक्यावर गेला आणि हात उघडे राहिले. पाणवठ्यावर, बाजारात, देवळात. बाया बघायच्या. तीही त्यांच्याकडं बघायची.

तिनं मागणं असं एकदाच मागितलं. पाटा धूत होती. वर न बघता म्हणाली, "तुमच्या आधी मी मेले तर माजी ओटी भरा म्हणावं बायास्नी. चार न्हाय आल्या तर एक तरी. तेवढं बगा. बाकी मला कायबी नगो." आमच्यात सवाष्ण मेली की तिला नवरीसारखी सजवतात. हिरवं लुगडं नेसवतात, कपाळाला मळवट भरतात आणि दुसऱ्या सवाष्णी येऊन तिची ओटी भरतात. जन्मभर जे ताट तिच्यापासनं वळत होतं, ते एकदा तरी तिच्यापाशी थांबावं, एवढंच तिचं म्हणणं. मी म्हटलं, "बघतो." हे मी तिला दिलेलं वचन.

पलीकडच्या गावात तंबाखूच्या शेतावर एक जैन बाई राहायची. नवरा लवकर गेलेला, मराठी-कानडी दोन्ही बोलणारी. आम्ही तिला अव्वा म्हणायचो आणि ती मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. तिच्या जात्याला टाकी लावायला मी जायचो. एकदा भाकरी घेऊन बायको मागनं आली. अव्वानं तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. वरनं पाणी ओतलं नाही, तांब्या हातात दिला. बायको तो धरून नुसती उभी राहिली.

"पी की गं. इख न्हाय घातलं त्यात," अव्वा म्हणाली.

अव्वाच्या दारात पायरीला एक जुना दगड होता, सगळा खपल्यांचा. मी म्हटलं, "अव्वा, ह्या पायरीला कोड आलंय, घासून देऊ का?"

"कोड?" अव्वा हसली. "ते कल्लहू हाय, तम्मा. दगडाचं फूल."

"फूल ते मसाल्यातलं."

"त्ये बी फूल, ह्ये बी फूल. माणसाला येतंय ते तोन्नु. दगडाला येतंय ते हू. तुमी मराठी माणसं दोन्ही येकाच पोत्यात भरतासा आन् मग बायकूच्या हातावर बिब्बा घासतासा." तिला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. मी खाली मान घालून टाकी मारू लागलो. बायको हसली. तोंडाला पदर न लावता हसली. फोड येऊन गेल्यावर तसं हसलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

त्यानंतर माझी भीड गेली. त्या साली आक्काच्या पोरीचं लग्न होतं. माझी भाची. लग्नाच्या पिठासाठी गल्लीतल्या सगळ्या घरांची जाती टाकी लावायला माझ्याकडं आली, आठ-दहा तरी असतील. मी दारात ओळीनं मांडून ठेवली आणि आक्काला सांगितलं, "माझ्या बायकूला हळदीच्या ताटापाशी बसिवणार असशील तर टाकी लावतो. न्हायतर ही न्ह्या जशीच्या तशी."

"लगीन हाय रं घरात!"

"म्हणून तर."

"येका बाईपायी गल्ली उपाशी ठेवतोस?"

"उपाशी कशाला? भरडं खावा."

नेली त्यांनी. लग्नात चपात्या रवाळ झाल्या आणि वऱ्हाडानं नावं ठेवली. गल्लीतल्या बाया चार महिने गुळगुळीत जात्यावर दळत राहिल्या. निपाणीतनं एकाला आणलं, पण तो पाट्याचं काम करणारा. त्यानं जात्याचं उखळ करून ठेवलं. शेवटी दोघी बाया आमच्या दारात आल्या. कुंकू आणलं होतं. हात लांब धरून, वरनं, दाण्यासारखं बायकोच्या कपाळावर टाकलं. अर्धं नाकावर सांडलं.

त्या गेल्यावर तिनं तोंड धुतलं. म्हणाली, "असलं कुंकू नगो मला. जात्यास्नी टाकी लावून द्या त्यांच्या."

"अजून चार म्हयने धर. वाकतील."

"वाकून काय करायचंय? दळताना बायांचे दंड भरून येत्यात. मलाबी दळाय लागतंय, मला ठावं हाय. त्यांच्या दंडांनी काय गुन्हा केलाय?"

मी सगळ्या जात्यांना टाकी लावून दिली. पण पुढं कुणाच्या घरी हळदीकुंकू असलं की मी मुद्दाम त्या दारापुढनं दगडाचा गाडा न्यायचो, हळूहळू, चाकं वाजवत. तिला ते आवडायचं नाही. मला आवडायचं.

अशी वर्षं गेली. ठिपके एकमेकांना मिळत गेले आणि शेवटी चेहरा निम्मा पांढरा झाला. बाकी तिला काही नव्हतं. माझ्यापेक्षा जास्त चालायची. गेली ती आठ दिवसांच्या तापानं. आठव्या दिवशी सकाळी जरा बरं वाटलं म्हणून भाकरीचं पीठ मळायला बसली, म्हणाली, "जरा पडते," आणि दुपारपर्यंत संपलं.

निरोप गेले. बाया आल्या. म्हणजे आठ-दहा आल्या, आक्का पुढं. आक्का रडत होती, खरंच रडत होती. ताटात तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी, खण, सगळं घेऊन आली होती. माझ्या मनात आलं, झालं हिच्या मनासारखं. वचन पुरं झालं.

मग आक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "आमी भरतो ओटी. पर बाया म्हणत्यात, मळवट समद्या तोंडाला भरू. हळदीनं हात बी माखू, पार कोपरापत्तोर. काय दिसाय नगो. मग कुणाला भ्या न्हाय."

"काय दिसाय नगो?"

"तुला कळतंय मी काय म्हणतीय ते."

कळत होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. हळद तिला लागणारच होती, जरा जास्त लागली असती. आठ-दहा सवाष्णींनी ओटी भरली असती. तिनं मागितलं होतं तेवढंच, आणि माझ्यासमोर ताट तयार होतं. पण झाकायचं न्हाय, हेही तिनंच म्हटलं होतं. दोन्ही तिचेच शब्द. तिला विचारायची सोय नव्हती. मी तिच्या हाताकडं बघितलं. बिब्ब्यानं भाजलेली ती जागा, तळहाताएवढी. ती माझ्या हातची होती. ती झाकून कुणाची अब्रू राखायची होती? माझीच.

"मळवट कपाळाला भरा," मी म्हटलं. "बाकी हाय तसं ऱ्हाऊ दे."

"आरं, आयुष्यभर हट केलास, आता तरी..."

"आता तर करणारच."

"मग कोण भरतंय बघ तिची ओटी!" आक्कानं ताट जमिनीवर ठेवलं आणि बाया बाहेर जाऊन अंगणात उभ्या राहिल्या. गेल्या नाहीत, आत आल्या नाहीत.

तेवढ्यात अव्वा आली. उन्हातनं कोसभर चालत आली होती, त्या वयात. ती सरळ आत आली, बायकोजवळ बसली आणि त्या पांढऱ्या मनगटावर हात ठेवून बसून राहिली. अव्वाचं कपाळ मोकळं, हात मोकळे. विधवा बाई. आमच्यात विधवेनं कुंकवाच्या ताटाला शिवायचं नसतं, त्यांच्यातही नसेल. मी जमिनीवरचं ताट उचलून तिच्यापुढं ठेवलं.

"अव्वा, तू भर."

तिनं माझ्याकडं बघितलं. "तम्मा, मी? चालतंय?"

दारातनं आक्का ओरडली, "आरं, रांडव बाईच्या हातानं ओटी? मढ्याची तरी लाज धर!"

"चालतंय," मी अव्वाला म्हटलं.

तिनं पदर खोचला आणि ताट जवळ ओढलं. किती वर्षांनी कुंकवाला बोट लावत होती, देव जाणे. पहिलं बोट कपाळाच्या मधोमध लागलंच नाही, जरा डावीकडं गेलं. तिनं पदराच्या टोकानं पुसून नीट लावलं. मळवट भरला, कपाळापुरता. मग तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबरं, खण, एकेक करून ओटीत घातलं. कन्नडात काहीतरी पुटपुटली. हात, तोंड, ओठाचा कोपरा, सगळं होतं तसं उघडं. तशीच आम्ही तिला नेली. खांदा द्यायला पुरुष आले. पुरुषांनी काही विचारलं नाही.

महिन्याभरानं आक्का आली. डोक्यावर जात्याचा वरचा दगड घेऊन आली. अंगणात उतरवला आणि धापा टाकत बसली. मी टाकी काढली, काम चालू केलं.

ती म्हणाली, "ती ओटी पोचली आसंल का रं तिला? रांडवेच्या हातची?"

"तू भरली आसतीस तर पोचली आसती?"

तिनं पदरानं घाम पुसला.

"तुझ्यावाणी हात मागं घेऊन भरलेली पोचती आन् तिच्यावाणी मनगटावर हात ठेवून भरलेली पोचत न्हाय, आसं कुठं आसतंय? आन् न्हाय पोचली तर मला इचारंल ती, तुला न्हाय."

"कोड न्हवतं का रं मग तिला?"

"हुतं. हुतं की. मग?"

टाकी लावून झाली तशी आक्का उठली. दगड घेऊन गेली. जाताना मी तिच्या डोक्यावर चढवून दिला.

त्या धोंड्याकडं मी परवा गेलो होतो. रिंगणातली खपली बोटभर बाहेर आलीय. एवढ्या वर्षांत एक बोट. मी खरवडली होती ती जागा कितीतरी वर्षं काळीच होती. आता तिथं मोहरीएवढे ठिपके धरलेत. लोक म्हणतात, तिच्या नावानं एक दगड घडव, नीट साफ करून, गुळगुळीत. तिच्या नावाचा तो धोंडा आहेच, मी म्हटलं. आहे तसा आहे. रस्त्याला खडी लागते म्हणून दोनदा माणसं बघून गेली. मी त्यांना धोंड्यावरनं उठून वाट दाखवली. त्याच्या खपलीला एकदा टाकी लागली ती माझी होती, आणि ती चूक होती. दुसरी मी लागू देणार नाही.